नकार कोणी दिला, ते आधी पाहा : दिव्यांग प्रमाणपत्र, अनुदान आणि अपील

‘मुलीला ४५ टक्क्यांचे प्रमाणपत्र आहे, तरी तहसीलला निराधारचा अर्ज नामंजूर झाला. सिव्हिलला जाऊन टक्के वाढवून घेऊ का?’ आणि ‘सिव्हिलला ३० टक्केच दिले. तहसीलदारांकडे अपील करता येईल का?’ वाचकांकडून हे दोन प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत येतात. दोन्हींची उत्तरे ‘नाही’ अशीच आहेत आणि दोन्हींमागचा गोंधळही एकच आहे.

दिव्यांगत्व आहे का आणि किती टक्के, हे डॉक्टरांचे मंडळ ठरवते. त्या प्रमाणपत्रावर एखाद्या योजनेचे पैसे मिळतील का, हे ती योजना राबवणारे कार्यालय ठरवते. डॉक्टर तुमचे उत्पन्न पाहत नाहीत आणि तहसीलदार तुमची टक्केवारी बदलू शकत नाहीत. एकाच्या नकाराची दाद दुसऱ्याकडे मागत राहिले की महिने वाया जातात, भाड्याला पैसे जातात आणि शेवटी माणूस कंटाळून हक्क सोडून देतो. तसे होऊ नये म्हणून अर्जापासून अपिलापर्यंतची सगळी वाट इथे क्रमाने दिली आहे.

पहिला टप्पा : प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आहे. अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरता, अस्थिव्यंग आणि बौद्धिक दिव्यांगत्व सगळ्यांना माहीत असते. पण स्वमग्नता, मानसिक आजार, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मल्टिपल स्क्लेरॉसिस, पार्किन्सन, स्नायूंचा ऱ्हास, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आणि ॲसिड हल्ल्यातील इजा हे प्रकारही यादीत आहेत. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. हातपाय धड असल्यामुळे आपण यात बसत नाही, असे समजून त्यांनी मागे राहू नये.

१ जून २०२१ पासून प्रमाणपत्र फक्त ऑनलाइन मिळते. अर्ज केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन कार्ड’ पोर्टलवर करायचा असतो. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) दोन्ही त्याच अर्जातून मिळतात.

अर्जाचा क्रम असा :

१. पोर्टलवर स्वतः, सेतू केंद्रातून किंवा ओळखीच्या जाणत्या माणसाकडून नोंदणी करा. मोबाइल नंबर स्वतःचा किंवा घरातलाच द्या. पुढची सूचना त्याच नंबरवर येते.
२. आधार, राहत्या पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही किंवा अंगठा अपलोड करा.
३. अर्ज भरताना रुग्णालय निवडायचे असते. सहसा हे तुमच्या जिल्ह्याचे सामान्य रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असते. तुमच्या प्रकारच्या दिव्यांगत्वाची तपासणी तिथे होते का आणि आठवड्यात कोणत्या दिवशी होते, हे आधी विचारा.
४. अर्जाचा नोंदणी क्रमांक लिहून ठेवा आणि पावतीची प्रत छापून घ्या.
५. दिलेल्या तारखेला मूळ कागदपत्रांसह तपासणीला जा.

व्यक्ती अल्पवयीन असेल किंवा स्वतः अर्ज करण्याच्या स्थितीत नसेल, तर पालक किंवा नोंदणीकृत संस्था तिच्या वतीने अर्ज करू शकते. २०२४ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार वैद्यकीय प्राधिकाऱ्याने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. अर्ज दोन वर्षे निर्णयाविना पडून राहिला, तर तो नव्याने करावा लागतो किंवा पुन्हा सुरू करून घ्यावा लागतो. म्हणून ‘अर्ज टाकलाय, येईल कधीतरी’ असे म्हणून बसू नका.

कार्डाच्या रंगालाही अर्थ आहे. ४० टक्क्यांहून कमी असेल तर पांढरे, ४० ते ७९ टक्के असेल तर पिवळे आणि ८० टक्के किंवा अधिक असेल तर निळे कार्ड मिळते. तुमच्याकडे जुने हाताने लिहिलेले किंवा आधीच्या राज्य प्रणालीतले प्रमाणपत्र असेल, तर त्यावर यूडीआयडी काढून घ्या. आता बहुतेक कार्यालये तेच मागतात. हे प्रमाणपत्र देशभर चालते. कोल्हापुरात काढलेले प्रमाणपत्र पणजीत किंवा बेळगावात ‘दुसऱ्या राज्याचे आहे’ म्हणून नाकारता येत नाही. मात्र प्रत्येक राज्याच्या योजना आणि रहिवासाच्या अटी वेगळ्या असतात. गोव्यातल्या वाचकांना, उदाहरणार्थ, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या अटी पाहाव्या लागतील.

तपासणीच्या दिवशी काय न्यावे, काय सांगावे

मंडळासमोर मिनिटे मोजकी मिळतात. त्यामुळे फाइल तयार हवी.

- आजार सुरू झाल्यापासूनचे कागद तारखेनुसार लावा. जुन्यात जुना कागद सर्वांत खाली आणि ताजा वर ठेवा.
- डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, एमआरआय, श्रवणचाचणी, बुद्ध्यंक चाचणी, रक्ततपासणी, यांतले जे लागू असेल ते मूळ आणि एक झेरॉक्स संच असे न्या.
- ज्या दवाखान्यात उपचार झाले तिथले कागद हरवले असतील, तर लेखी मागणी करा. वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात.
- चष्मा, श्रवणयंत्र, कुबड्या, कॅलिपर वापरत असाल तर सोबत न्या.
- रोज सोबत राहणारा माणूस बरोबर असू द्या.

मानसिक आजार, स्वमग्नता किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीच्या घरच्यांना एक कळकळीची विनंती आहे. डॉक्टरांनी विचारले की आपण संकोचाने ‘तसं बरं आहे, सगळं करतो’ असे म्हणतो. चारचौघांत आपल्या माणसाचा कमीपणा सांगायला जीभ रेटत नाही. पण मानसिक आजाराची टक्केवारी ज्या ‘आयडियाज’ पट्टीवर ठरते, ती स्वतःची काळजी, माणसांशी वागणे, बोलणे-समजणे आणि काम या चार गोष्टी तपासते. आजार किती वर्षांचा आहे, हेही त्यात धरले जाते. तो आंघोळ आपणहून करतो की चारदा सांगावे लागते? घराबाहेर एकटा जाऊन परत येतो का? गेल्या दोन वर्षांत किती नोकऱ्या सुटल्या? जे आहे ते खरे सांगा, वाढवून नको आणि झाकूनही नको. घरीच या चार मुद्द्यांवर अर्धे पान लिहून नेले, तर आयत्या वेळी काही राहून जात नाही.

टक्केवारीबद्दलचे नेहमीचे गैरसमज

मूल्यमापन केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे होते. जानेवारी २०१८ च्या सूचना मार्च २०२४ मध्ये सुधारल्या गेल्या. त्यातल्या काही गोष्टी माहीत असल्या, तर कोणत्या नकारावर अपील करण्यात अर्थ आहे, हे ठरवता येते.

- एका डोळ्याने दिसत नाही म्हणजे ५० टक्के, हे खरे नाही. एक डोळा पूर्ण निकामी आणि दुसरा चांगला असेल, तर सूचनांनुसार ३० टक्के दिव्यांगत्व धरतात. नजर चष्मा लावून मोजतात, चष्म्याविना नाही.
- दोन दिव्यांगत्वांची साधी बेरीज होत नाही. मोठा आकडा आधी धरतात. ९० मधून तो वजा करून उरलेल्या भागाच्या प्रमाणातच लहान आकडा मिळवतात. ३० आणि २० टक्के असतील तर ५० न होता सुमारे ४३ होतात.
- आजाराचे नाव म्हणजे टक्केवारी नव्हे. दोघांना एकच आजार असला तरी शरीरावर झालेला परिणाम वेगळा असू शकतो.
- तात्पुरते प्रमाणपत्र म्हणजे नकार नव्हे. उपचाराने स्थिती बदलण्याची शक्यता असेल किंवा मूल वाढत्या वयाचे असेल, तर मुदतीचे प्रमाणपत्र देतात. मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज करा. मध्ये खंड पडला की अनुदानही थांबते.
- ४० टक्क्यांहून कमी म्हणजे काहीच हक्क नाही, हेही चूक. आरक्षण आणि बहुतेक आर्थिक योजनांना ४० टक्क्यांची अट आहे. पण भेदभावापासून संरक्षण आणि गरजेप्रमाणे सोयी मिळण्याचा हक्क टक्केवारीवर अवलंबून नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेतील लेखनिकाच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्यामुळे पांढऱ्या कार्डालाही किंमत आहे.

दुसरा टप्पा : अनुदानाचा अर्ज

प्रमाणपत्र हाती आले म्हणजे पैसे आपोआप सुरू होतात, असे नाही. प्रत्येक लाभासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रात बहुतेकांना उपयोगी पडणारी योजना म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. तिच्या दिव्यांगांसाठीच्या मुख्य अटी अशा :

- दिव्यांगत्व किमान ४० टक्के.
- वय ६५ वर्षांच्या आत. ६५ पासून पुढे श्रावणबाळ योजना लागू होते.
- महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचा रहिवास.
- कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत. इतर निराधारांसाठी ही मर्यादा २१,००० रुपये आहे.

शेवटच्या अटीवरून बराच गोंधळ होतो. काही ठिकाणी दिव्यांग अर्जदारालाही २१,००० ची मर्यादा लावून परत पाठवतात. तुमच्या नकाराचे कारण हेच असेल, तर पुनर्विचाराच्या अर्जात ही ओळ सर्वांत वर लिहा.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये करायला मंजुरी दिली. ही वाढ ऑक्टोबर २०२५ पासून आहे. तुमच्या खात्यात अजून जुनीच रक्कम येत असेल, तर तहसीलच्या संजय गांधी शाखेत तुमची नोंद ‘दिव्यांग’ म्हणून आहे की इतर वर्गात, हे तपासा आणि यूडीआयडीची प्रत देऊन ती दुरुस्त करून घ्या.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ७९ वयाच्या आणि ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना आहे. तिच्यात केंद्राचे ३०० रुपये असतात आणि राज्याच्या अनुदानाची जोड मिळते. अर्ज त्याच शाखेत द्यायचा असतो.

अर्जासोबत लागणारे कागद : यूडीआयडी किंवा प्रमाणपत्र, आधार, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, रहिवासाचा दाखला, तहसीलदारांनी दिलेला उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक आणि फोटो. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रातून जातो आणि तालुका पातळीवरच्या समितीपुढे ठेवला जातो.

याशिवाय हे लाभ विसरू नका :

- ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसेवकाकडे किंवा समाजकल्याण विभागाकडे लेखी अर्ज द्या. ग्रामसभेत या निधीचा हिशेब विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.
- एसटीच्या भाड्यात ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाला ७५ टक्के सवलत आहे.
- स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे. तिचे संरक्षण एक लाख रुपयांपर्यंत असते. याच चार प्रकारांत मूल १८ वर्षांचे झाले, की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचा आदेश घेऊन ठेवा. पुढे बँकेच्या आणि मालमत्तेच्या कामात तो लागतो.
- जुन्या करपद्धतीने आयकर भरणाऱ्यांना ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपयांची आणि ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. दिव्यांग व्यक्ती स्वतः किंवा तिला सांभाळणारे नातेवाईक ती घेऊ शकतात.

अर्ज कुठे अडकतात

१. नावातला फरक. आधारवर एक स्पेलिंग, यूडीआयडीवर दुसरे, पासबुकावर तिसरे. अर्जाआधी आधार दुरुस्त करा आणि मग बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा.
२. उत्पन्नाचा दाखला. तो चालू वर्षाचा हवा आणि मर्यादेत हवा. एकत्र रेशनकार्डावर विभक्त राहणाऱ्या भावांचीही नावे असतील, तर उत्पन्न वाढून दिसते. प्रत्यक्षात चूल वेगळी असेल तर रेशनकार्ड आधी विभक्त करून घ्या.
३. बँक खाते. रक्कम थेट आधार-संलग्न खात्यात येते. खाते बंद पडले असेल, केवायसी राहिली असेल किंवा आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेले असेल, तर मंजुरी असूनही पैसे पोचत नाहीत.
४. दुहेरी लाभ. दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १,५०० रुपये किंवा अधिक मिळत असतील, तर त्या महिलेला लाडकी बहीण योजनेचा लाभ घेता येत नाही. दोन्हीकडे अर्ज केला असेल, तर कोणता ठेवायचा ते ठरवून लेखी कळवा.
५. त्रुटीपत्र न मिळणे. ‘अमुक कागद कमी आहे’ एवढेच कळवलेले असते आणि ते पत्र जुन्या पत्त्यावर जाते. महिन्यातून एकदा अर्जाची स्थिती विचारा.

नकार मिळाला : पहिल्या आठवड्यात काय करावे

खिडकीवर ‘तुमचं बसत नाही’ असे तोंडी सांगितले, की बहुतेक जण परत फिरतात. तोंडी नकारावर अपील होत नाही. म्हणून सर्वांत आधी नकार कागदावर घ्या.

- दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ५८ नुसार दिव्यांगत्व नसल्याचा निर्णय वैद्यकीय प्राधिकाऱ्याने लेखी कळवणे बंधनकारक आहे आणि नियमांनुसार कारणेही द्यावी लागतात. तहसील कार्यालयाकडेही ‘माझ्या अर्जावरील निर्णय कारणांसह लेखी कळवावा’ असा एका ओळीचा अर्ज देता येतो.
- प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सहीची पोच घ्या. आवक क्रमांक मागा.
- पोच देत नसतील तर अर्ज पोचपावतीसह टपालाने पाठवा.
- नकारपत्र मिळाल्याची तारीख त्याच कागदावर लिहा. अपिलाची मुदत त्या तारखेपासून मोजतात.
- कारण समजत नसेल, तर माहितीच्या अधिकारात मूल्यमापन पत्रकाची किंवा समितीच्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मागा. शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. मात्र त्या उत्तरासाठी अपील थांबवू नका.

आता नकार कोणाचा आहे ते पाहा आणि पुढच्या दोनपैकी तुमची वाट निवडा.

वाट पहिली : वैद्यकीय नकार किंवा कमी टक्केवारी

‘दिव्यांगत्व नाही’, ‘टक्के कमी’, ‘प्रकार चुकीचा लिहिला’ किंवा ‘कायम असताना तात्पुरते दिले’ अशा निर्णयांवर कलम ५९ नुसार अपील करता येते. अपील ऐकणारा प्राधिकारी राज्य सरकार नेमते. तुमच्या जिल्ह्यासाठी तो कुठे आहे आणि मुदत किती, हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात विचारा. नकारपत्रात ही माहिती नसेल तर तीही लेखी मागा. मुदत काहीही असली, तरी अपील महिन्याच्या आत दाखल करण्याचे धोरण ठेवा.

अपिलात दम कशाने येतो?

- नवा वैद्यकीय पुरावा. त्याच विषयाच्या तज्ज्ञाचा अलीकडचा अहवाल, शक्यतो सरकारी रुग्णालयातला. ‘रुग्णाला त्रास आहे’ असे मोघम पत्र उपयोगाचे नाही. सांधा किती अंश वळतो, श्रवणऱ्हास किती डेसिबल, नजर किती, असे मोजमाप हवे.
- राहून गेलेली चाचणी. लहान मुलाची बेरा (श्रवणाची) चाचणी झाली नसेल, दोन दिव्यांगत्वांपैकी एकच तपासले असेल, तर ते नेमके लिहा.
- चुकीची नोंद. डाव्या पायाऐवजी उजवा, चुकीचे वय, जुना अहवाल.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. अपिलात पुन्हा तपासणी होते आणि टक्केवारी वाढण्याऐवजी कमीही होऊ शकते. ४२ टक्क्यांवर लाभ सुरू असेल आणि ४५ साठीच भांडायचे असेल, तर त्यातून हाती काय लागणार आहे ते आधी तज्ज्ञाशी बोलून पाहा. ३८ चे ४० होणार असतील किंवा ७५ चे ८०, तर मात्र जरूर लढा. त्या दोन आकड्यांनी बरेच काही बदलते.

प्रमाणपत्र मिळाल्यानंतर प्रकृती बिघडली असेल, तर जुन्या निर्णयावर अपील न करता पुनर्मूल्यमापनाचा नवा अर्ज करा. मंडळाचा आधीचा निर्णय त्या दिवशी बरोबरच असू शकतो.

वाट दुसरी : योजनेचा नकार

१. कारण कागदपत्रांचे असेल, तर अपिलापेक्षा त्रुटी पूर्ण करून तहसीलदारांकडे पुनर्विचाराचा अर्ज देणे लवकर फळते.
२. नियम चुकीचा लावला असेल, तर तो नियम नमूद करून अर्ज करा. उत्तर आले नाही, तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संजय गांधी शाखेकडे जा.
३. लोकशाही दिनाचा उपयोग करा. तालुक्याला तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याला पहिल्या सोमवारी असतो. आधी दिलेल्या अर्जांच्या पोचा सोबत हव्यात. ‘आपले सरकार’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.
४. उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखलाच अडवून ठेवला असेल, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ वापरा. मुदतीत सेवा मिळाली नाही की ३० दिवसांत पहिले अपील करता येते, त्यानंतर दुसरे आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे.

सुरू असलेले पैसे थांबले तर

हा नकार नसतो, पण घरावर आघात तेवढाच होतो. आधी बँकेत खाते आणि आधार जोडणी तपासा. मग तहसीलला तीन गोष्टी विचारा : हयातीचा दाखला जमा आहे का, उत्पन्नाचा दाखला नवा हवा आहे का आणि प्रमाणपत्राची मुदत संपली आहे का. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. तो दिल्याची पोच सांभाळून ठेवा. नाव कमी केले असेल, तर कोणत्या आदेशाने, याची प्रत मागा. अनुदान पुन्हा सुरू करण्याच्या अर्जातच थकीत महिन्यांची मागणीही लिहा. नाहीतर पैसे चालू महिन्यापासून सुरू होतात आणि मागचे राहून जातात.

दोन्ही वाटा खुंटल्या तर

दिव्यांग आयुक्त. राज्य आयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे. कायद्याने मिळालेला हक्क डावलला गेला, तर त्यांच्याकडे साध्या कागदावर तक्रार करता येते, वकील लागत नाही. चौकशीसाठी त्यांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांच्या शिफारशीवर काय केले, हे संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत कळवावे लागते.

मोफत वकील. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा कार्यालय असते. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

उच्च न्यायालय. हा शेवटचा पर्याय आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, तसेच गोव्यासाठी पर्वरी इथे दाद मागता येते. मुलाचा प्रवेश मंडळाच्या अहवालामुळे अडला असेल, तर वेळ दवडू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ टक्केवारीच्या आकड्यावर उमेदवाराला अपात्र ठरवता येत नाही. तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे मंडळाने पाहायचे आणि नकार द्यायचा तर कारणे नोंदवायची.

अपिलाचा नमुना

प्रति,
मा. अपिलीय प्राधिकारी (दिव्यांगत्व प्रमाणपत्र),
(कार्यालय व पत्ता)

विषय : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ५९ नुसार अपील.

महोदय,
मी (नाव, वय, पत्ता), यूडीआयडी नोंदणी क्रमांक (…). (तारीख) रोजी (रुग्णालय) येथे माझी तपासणी झाली. (तारीख) रोजी मिळालेल्या निर्णयात माझे दिव्यांगत्व (…) टक्के नमूद केले आहे. हा निर्णय मला पुढील कारणांसाठी मान्य नाही :
१. (कोणती चाचणी झाली नाही किंवा कोणता अहवाल पाहिला गेला नाही)
२. (नव्या अहवालातील मोजमाप, तारीख, रुग्णालय)
३. (रोजच्या जगण्यातील अडचण, दोन-तीन नेमकी उदाहरणे)
तरी माझी फेरतपासणी करून कारणांसह निर्णय द्यावा. तपासणीच्या ठिकाणी (रॅम्प / सांकेतिक भाषा दुभाषी / सोबती) ही सोय मिळावी, ही विनंती.
सोबत : निर्णयाची प्रत, अहवालांच्या प्रती, आधार.
(तारीख, सही किंवा अंगठा, मोबाइल)

एक पान पुरते. कारणे क्रमांक देऊन लिहा. कोणत्याही डॉक्टरवर वैयक्तिक आरोप करू नका. मंडळाला तुमचा राग मोजता येत नाही, अहवाल मोजता येतो.

या गोष्टी टाळा

- ‘टक्के वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. खोट्या मार्गाने दिव्यांगांचे लाभ घेणे हा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ९१ नुसार गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. यात अडकतो तो प्रमाणपत्र वापरणारा.
- मूळ कागद कोणाच्याही ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या.
- कोऱ्या अर्जावर सही किंवा अंगठा देऊ नका.
- पडताळणीसाठी बोलावले तर घाबरू नका आणि गैरहजर राहू नका. प्रमाणपत्र खरे असेल, तर हजर राहण्यातच तुमचे संरक्षण आहे.
- एकाच निर्णयावर चार कार्यालयांत एकाच वेळी अर्ज टाकू नका. प्रत्येक कार्यालय दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत बसते.

कार्यालयात जाताना स्वतःला याचक समजू नका. उत्पन्नाची अट, टक्केवारीची अट, कागदपत्रांची अट सरकारने तुमच्यासाठी घातली आहे. तशीच मुदतीची, लेखी कारणाची आणि अपिलाची अट कायद्याने सरकारवर घातली आहे. तुम्ही आपल्या अटी पूर्ण केल्या असतील, तर समोरच्याने त्याच्या अटी पाळल्या का, हे विचारणे उद्धटपणा नाही. एखादा नकार तुमच्याकडे आजही तोंडीच पडून असेल, तर या आठवड्यात दुसरे काही जमले नाही तरी चालेल, ‘निर्णय कारणांसह लेखी द्यावा’ एवढा एक अर्ज देऊन त्याची पोच घ्या. पुढचे प्रत्येक अपील त्या कागदावरच उभे राहणार आहे.